भरीचं शिसं

ड्रॅग रेसमध्ये, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या वेगाच्या शर्यतीत, गाडी आणि चालक मिळून ठरलेलं वजन भरलं नाही, तर उतरूच देत नसत. गाडी दादा चालवायचा, सांभाळायचा धाकटा. जानेवारीत काट्यावर तीन किलो कमी भरलं, तेव्हा धाकट्याने मागच्या चाकांजवळ शिशाच्या पट्ट्या बसवल्या. मार्चमध्ये आणखी बसवाव्या लागल्या.

"जेवतोस ना नीट?" त्याने विचारलं.

"जेवतो रे. उन्हाळा आहे," दादा म्हणाला, आणि धाकट्याने विषय वाढवला नाही. खरं तर तो खूश होता. दादाचं वजन जेवढं घटलं, तेवढं शिसं त्याला हवं तिथे लावता येत होतं. मागची चाकं जमीन घट्ट धरत होती, गाडी एकामागून एक शर्यती मारत होती.

मे महिन्यात जिंकून गाडीतून उतरतानाच दादा कोसळला.

"वजन कधीपासून उतरतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"हे रोज डोळ्यांसमोर होते, लक्षातच आलं नाही," वहिनी रडवेल्या आवाजात म्हणाली. "घरात काटाही नाही."

धाकट्याने मान खाली घातली.

"जानेवारीत तीन किलो, मार्चमध्ये सात, काल बारा," तो म्हणाला. वहिनीकडे बघायची त्याची छाती झाली नाही.