कधीच नाही

"समोरच्याच्या नजरेला नजर देताना संकोच वाटतो का?" नर्सने विचारलं. "कधीच नाही, कधी कधी, की नेहमी?"

धाकटीने तोंड उघडायच्या आत थोरली म्हणाली, "छे हो. ती नजर देतेच कुठे? मान खाली घालून काम करते बिचारी."

नर्सने 'कधीच नाही'वर खूण केली.

तिरळा डोळा चाळिशीतही सरळ होतो, असं डॉक्टर मागच्या खेपेला म्हणाले होते. पण फुकट ऑपरेशनं मोजकी. ज्याच्या जगण्याला त्रास जास्त, त्याचा नंबर आधी. तो त्रास मोजायलाच आजचे हे प्रश्न होते. गेले आठ दिवस धाकटीचा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

बहिणींचं इस्त्रीचं दुकान होतं. थोरली पुढे गिऱ्हाईक बघायची, धाकटी पडद्यामागे इस्त्री करायची.

लोक टक लावून बघतात का? पडद्यामागे कोण बघायला येतंय, कधीच नाही. फोटो काढून घ्यायची लाज वाटते का? फोटोच्या भानगडीत ती कधी पडलीच नव्हती. भाचीच्या लग्नातसुद्धा पाहुण्यांची पोरं सांभाळत आतल्या खोलीत बसली होती. डोळ्यापायी कुणी काम नाकारलं का? तशी पाळीच आपण येऊ दिली नाही, असं थोरलीने ऐकवलं. घरात कुणी चकणी म्हणू दे, जीभ हासडून हातात देईन, हेही वर सांगितलं. इतक्या वर्षांत तिने बहिणीसाठी काय काय केलं, ते आज पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

"ताई, मला बोलू दे ना जरा."

"बोल की. मी काय खोटं सांगितलं?"

खोटं काहीच नव्हतं.

नर्सने बेरीज केली. शंभरपैकी सत्त्याण्णव. इतकं सुखी माणूस बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं, असं ती कौतुकाने म्हणाली. ऑपरेशनची काही गरज दिसत नव्हती. थोरलीने पोरीचा पहिला नंबर आल्यासारख्या ऐटीत पिशवी उचलली.

धाकटी उठली नाही. तिने मान वर केली आणि थेट नर्सकडे बघितलं.

"बाई, मला त्रास आहे हो."

आपल्या मागे कुणीतरी येऊन उभं राहिलंय असं वाटून नर्सने वळून बघितलं. दारात कोणीच नव्हतं.