पंचाची सही

गेल्या वर्षी ओश शहरातल्या एका वर्तमानपत्राला टाळं लागलं ते संगणकांवरच्या चोरीच्या विंडोजपायी. साऱ्या गावात तेच चालायचं, पण सरकारविरुद्ध हेच वर्तमानपत्र लिहायचं. म्हणून यंदा संपादक बेगाइमने सगळीकडे मोफत, खुलं लिनक्स चढवलं. तरी धाड आलीच. पंच म्हणून शिपायांनी कोपऱ्यावरच्या नान विकणाऱ्या आजीला ओढून आणलं. "विंडोज कुठंय?" शिपायांच्या कॅप्टनने विचारलं. "काढून टाकलं," बेगाइम म्हणाली. त्याने तिचा हात टेबलाच्या खणात घालून खण लाथेने बंद केला. बोटं कडकन मोडली. "आता आठवलं?" "तुम्हीच शोधा ना, साहेब!" त्याने केस धरून तिचं डोकं मॉनिटरवर आपटलं. झटापटीत त्याच्याच खिशातली सीडी घरंगळत आजीच्या पायाशी आली. सीडीवर लिहिलं होतं: विंडोज. "पंचनाम्यावर सही कर, म्हातारे," तो गुरकावला. आजीने सीडी उचलली. "करते की, लेकरा. आधी लिही, तुझ्या खिशातनं पडली."