बत्तीसच्या बत्तीस

सोमवारी सकाळी मोरीत चूळ भरताना दात पडला. मग तो पडलाच नाही, असं ठरलं. वाचकांनीही पुढचं त्याच हिशोबानं वाचावं.

घाटनांदूरचा किराणा दुकानदार मृत्युंजय. त्याची लेक अपेक्षा नववीत. ब्रश केला की तिच्या हिरड्यांतून रक्त यायचं. मृत्युंजयनं त्यावर जालीम उपाय काढला. ब्रशच बंद केला. रक्त दिसेनासं झालं आणि तो खूश झाला. सहा महिन्यांनी अपेक्षाचा समोरचा दात हलायला लागला.

"हे तुझ्या माहेरचं हाय," तो बायकोला म्हणाला. "तुझी माय चाळिशीच्या आत बोळकी झाली. रक्तातच हाय म्हणल्यावर डॉक्टर काय करणार?"

"रक्तात असतं तर माझे पडले नसते का?" कावेरीनं तोंड उघडलं. "मोजा. बत्तीसच्या बत्तीस हायत."

मृत्युंजयनं खरंच मोजले. दोनदा. मग तो दवाखान्याला तयार झाला. हिरड्यांच्या डॉक्टर विजयमाला लातूरहून अंबाजोगाईला फक्त गुरुवारी यायच्या.

गुरुवारपर्यंत दात टिकवणं भाग होतं. अपेक्षाला भाकरी दुधात कुस्करून मिळू लागली. हसायला बंदी. ठसका लागू नये म्हणून दुकानातली मिरचीची पोती झाकली. शेवटी बोलायलाही बंदी झाली. शाळेत नुकतंच अर्जलेखन शिकवलं होतं, त्यामुळे तिचं काही अडलं नाही. 'विषय: वरणात मीठ कमी असणेबाबत.' मृत्युंजय वाचायचा, खाली 'मंजूर' लिहायचा आणि सही करायचा.

सोमवारपासून कावेरीही बोलेनाशी झाली. सारखा पदर तोंडाला.

"तू कावून गप्प हायेस?"

"उगंच," पदराआडून उत्तर आलं.

लेकीच्या काळजीनं, असं मृत्युंजयनं धरलं.

गुरुवारी एसटी खड्ड्यात आदळली की अपेक्षा ओठ घट्ट मिटायची. शेजारी बसलेली कावेरीही मिटायची. मृत्युंजय दोघींकडं आळीपाळीनं बघत होता.

डॉक्टरांनी अपेक्षाच्या हिरड्या तपासल्या. बराच वेळ तपासल्या. मग हातातलं काम थांबवून त्यांनी विचारलं, "घरात लहान वयात कुणाचे दात हलले, पडले? खरं सांगा. त्यावर पुढचं सगळं ठरेल."

"हिच्या आजीचे गेले. पण हिच्या आईचे बत्तीसच्या बत्तीस हायत," मृत्युंजय अभिमानानं म्हणाला. "मी सोता मोजलेत."

डॉक्टर लिहायला लागल्या.

कावेरीचा हात पदराच्या गाठीवर गेला. बोललं तर नवरा पोरीला उठवून घरी नेणार. न बोललं तर कागदावर खोटं लिहिलं जाणार आणि पोरीला त्याच खोट्याचं औषध मिळणार. डॉक्टरांचं पेन निम्म्या ओळीपर्यंत पोचलं.

तिनं गाठ सोडली. स्टीलच्या ट्रेमध्ये टण्णकन आवाज झाला.

अपेक्षानं आधी स्वतःच्या तोंडात बोट घालून पाहिलं. तिचा दात जागेवर होता.

"एकतीस," कावेरी म्हणाली. चार दिवसांत पहिल्यांदाच तिनं तोंडावरचा पदर काढला. समोर खिंडार होतं.

मृत्युंजय उठला. "मंग चला. रक्तातच हाय."

"खाली बसा!" डॉक्टर म्हणाल्या. "रक्तात आहे म्हणूनच वेळेवर आणायचं असतं. आणलं तर दात वाचतात. तुमच्या सासूबाईंना कुणी आणलं नाही, म्हणून त्या बोळक्या झाल्या. आणि रक्त आलं की ब्रश जास्त नीट करायचा असतो, बंद नाही!"

मृत्युंजय बसला. ट्रेमधल्या दाताकडं बघत बसला.

डॉक्टरांनी हिरड्या साफ केल्या. हलणारा दात बारीक तारेनं शेजारच्या दातांना बांधला. वाचेल म्हणाल्या. मग कावेरीच्या नावाचा दुसरा कागद काढला आणि तिला खुर्चीत बसवलं.

अपेक्षानं वहीचं पान फाडलं. लिहिलं. घडी घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं.

'विषय: दात वर्ग करणेबाबत.

महोदया, माझ्या आईने तिचा पडलेला दात माझ्यासाठी चार दिवस पडू दिला नाही. तरी माझ्या वाचलेल्या दातांपैकी समोरचा एक दात तिच्या नावे कायमस्वरूपी वर्ग करण्यात यावा, ही नम्र विनंती.'