दोन तक्ते

एकोणीसशे बहात्तर साल. टेलिफोन एक्सचेंजच्या भिंतीवर सोमवारी सकाळी आठवड्याचा नवा ड्यूटीचा तक्ता लागला, आणि पाच मिनिटांत सगळ्या ऑपरेटर त्याच्याभोवती गोळा झाल्या. बोर्डावर दिवे लुकलुकत होते, पण प्लग लावायला कुणी जागेवर असेल तर ना!

"पावणेपाच, पाणी भरणे," एकीने मोठ्याने वाचलं. "पाच, डबे. साडेपाच, आईंचं औषध. पावणेसहा, चिमणीची वेणी आणि पाढे. दोन्ही एकदम!"

"अगं बाई, हे सगळं आपण करायचंय?" दुसरी म्हणाली, आणि हशा पिकला.

भिंगरीच्या हातातला हेडफोन तसाच राहिला. एका जागी कधी ठरायची नाही म्हणून सगळ्या तिला भिंगरी म्हणत. आदल्या दिवशी तिने दोन तक्ते लिहिले होते. एक एक्सचेंजचा, अक्षर चांगलं म्हणून तो तिच्याकडेच असायचा, आणि एक घरचा. कागद एकसारखे, आखणी एकसारखी. घरचा तक्ता स्वयंपाकघराच्या दारावर लावायला तिने सासूबाईंना सांगितलं होतं. सकाळी घाईत पिशवीतला कागद तिने न बघताच भिंतीवर लावला. घरचा इथे आला, म्हणजे एक्सचेंजचा तिकडे लागला असणार.

घरी तक्ता करायची वेळ परीक्षेने आणली होती. सुपरवायझरच्या परीक्षेत भिंगरी दोनदा नापास झाली होती. ही तिसरी खेप शेवटची, पुढच्या वर्षी वय आडवं येणार होतं. पुस्तक उघडलं की तिचा डोळा लागायचा. तेव्हा तिने ठरवलं, दिवसाची नीट वाटणी केली की सगळं बसतं. तसं ते बसलंही होतं, कागदावर.

तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. त्या सुपरवायझर, निवृत्तीला आलेल्या. हसणं आपोआप थांबलं. त्यांनी चष्मा चढवून तक्ता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला.

"यात बदलीला कोण?"

"कुणाच्या, बाई?"

"तुझ्या. इथे एकीला दोन तासांच्या वर बोर्डावर बसवलं तर युनियन माझं डोकं खाते. तुझ्या घरी युनियन नाही वाटतं?"

"माझ्यावाचून अडतं हो सगळं."

"मग सुपरवायझर कशाला होतेस? तिचं काम माणसं बसवायचं. सगळीकडे आपणच बसायचं नव्हे."

भिंगरीला दिवसभर ते बोलणं टोचत राहिलं. संध्याकाळी सासूबाईंची बोलणी खायची तयारी करूनच तिने दार ढकललं.

नवरा भाजी चिरत होता. चित्रकलेचा मास्तर तो, एकेक फोड पट्टीने आखल्यासारखी. लेक चिमणी ताटं मांडत होती. सासूबाई दारावरच्या तक्त्याखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. एक्सचेंजच्या तक्त्यात नावं नसायची, नुसते नंबर.

"आलीस? एक नंबर तुझा. सहा ते आठ विश्रांती. पुस्तक घे आणि आतल्या खोलीत जा."

"आई, अहो, तो तक्ता इथला नाही."

"दारावर लागला तो इथला. मी तीन नंबर. मला दर दोन तासांनी चहाची सुटी आहे म्हणे. इतकी वर्षं झाली, कुणी बोललं नाही ते!"

"आणि मी दोन नंबर," नवरा कुरकुरला. "मला सुटी दिसतच नाहीये."

"आधी भाजी चीर, मग दिसेल."

भिंगरी हसत हसत आत गेली. त्या दिवशी पुस्तक उघडलं आणि डोळा लागला नाही.

पहिल्या आठवड्यात भाजी रोज खारट झाली. दोन नंबर मीठ घालून उठायचा आणि बदलीला आलेला तीन नंबर पुन्हा घालायचा. मग चिमणीने तक्त्यात एक रकाना वाढवला : 'मीठ पडले.' भाजी सुधारली. दीड महिन्यांनी भिंगरी परीक्षेला बसली आणि पास झाली.

मोठ्या बाई निवृत्त झाल्या, त्यांच्या खुर्चीवर भिंगरी बसली आणि वीस वर्षं बसली. नवऱ्याने विळी पुन्हा कुणाला दिली नाही, इतरांच्या फोडी त्याला वेड्यावाकड्या वाटत. चिमणी मोठ्या इस्पितळाची मेट्रन झाली, पन्नास नर्सांच्या ड्यूट्या लावते. सासूबाई नव्वदीपर्यंत चहाची सुटी घेत राहिल्या.

अशाच एका सुटीत भिंगरीने त्यांना विचारलं, "आई, खरं सांगा. तो तक्ता एक्सचेंजचा आहे हे तुम्हाला कळलंच नव्हतं?"

सासूबाईंनी बशीतला चहा सावकाश संपवला.

"न कळायला काय झालं? घरचा तुझ्या पिशवीत मीच सरकवला होता. जरा बस म्हणून मी अकरा वर्षं ओरडत होते, माझं ऐकलंस कधी? म्हटलं, कागदाचं ऐकतेय का बघू."