खोडलेली ओळ

मेट्रनबाईंनी दार ठोठावलं नाही, सरळ ढकललं. संगणक विभागाच्या गारव्यात एकटाच बसलेला चष्मेवाला प्रोग्रामर दचकून उभा राहिला. हॉस्पिटलच्या संगणकांवरची सगळी पानं यानेच नवीकोरी केली, हे त्या येता येता विचारून आल्या होत्या.

"नऊ नंबरच्या कॉटवरच्या आजोबांना पुन्हा ऑपरेशनला घेतलंय," त्या म्हणाल्या. "पोटात रक्तस्राव. सकाळी आमच्या नव्या सिस्टरने त्यांना रक्त पातळ करायची गोळी दिली. डॉक्टरांनी शनिवारीच बंद केलेली गोळी! का दिली? तर तुझ्या पानावर होती म्हणून."

"मॅडम, पानावरचा मजकूर मी बदलत नाही."

"उघड ते पान."

त्याने उघडलं. औषधांची यादी, स्वच्छ, एकसारख्या काळ्याभोर अक्षरांत. सहावी ओळ त्याच गोळीची. ती पाहून मेट्रनबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. औषधाच्या नोंदीला खोडरबर लावायचा नाही, ही तिथली रीत. औषध बंद केलं की त्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचं नाव वाचता आलं पाहिजे. कागदावर तसं, संगणकावरही तसंच. बत्तीस वर्षं त्यांनी येईल त्या मुलीला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं.

"या ओळीवर रेघ होती. मी शनिवारी या डोळ्यांनी पाहिली. कुठे गेली?"

"त्याचं काय आहे मॅडम, जुन्या पानांत नुसता पसारा होता. कुणी लाल रंग वापरलाय, कुणी हिरवा, अक्षरं तर चार-चार तऱ्हेची. हॉस्पिटलचे मोठे साहेब म्हणाले, साफ कर. तर सर्व्हरवर एक लायब्ररी असते, म्हणजे तयार प्रोग्रामच. ती पान वाचते, त्याचे भाग सुटे करते, आपण सांगू तेवढ्याच खुणा ठेवते आणि पान पुन्हा लिहून देते. कुठल्या खुणा ठेवायच्या त्याची यादी काल रात्री मी दिली. परिच्छेद, तक्ता, ठळक अक्षर..."

"आणि रेघ?"

त्याने चष्मा वर सरकवला. "रेघ यादीत नव्हती. पण लायब्ररी नुसती खूण काढते मॅडम, आतला शब्द जसाच्या तसा ठेवते! मी तपासलंय ना. तीन हजार पानं, जुनी आणि नवी, ताडून पाहिली. एका अक्षराचा फरक नाही." आणि त्याने खरंच त्या तपासणीचा निकाल उघडून दाखवला. फरक : शून्य. त्याच्या आवाजात अजून थोडा अभिमान होता, हे मेट्रनबाईंना सहन होईना.

"अरे, अक्षरं काय मोजत बसलास! बंद केलेली गोळी तू पुन्हा चालू केलीस. कधी झालास डॉक्टर?"

त्याचा चेहरा उतरला. "आत्ता यादीत रेघ घालतो. सगळी पानं पुन्हा चालवतो."

"किती वेळ?"

"चार तास."

"दोनला औषधांच्या ट्रॉल्या निघतात. वीस मिनिटं उरलीत. माझ्या वॉर्डात मी ओरडून सांगून आलेय, बाकीच्या नऊ वॉर्डांत हेच पान बघून गोळ्या वाटतील. कागद तर तुम्ही सोमवारीच उचलून नेलेत. बंद कर सगळं."

"साइट बंद करायला साहेबांची सही लागते. ते जेवायला गेलेत. मी कळवतो, मॅडम, पण माझ्या नोकरीचा..."

"त्या पोरीला तासाभरात मेमो मिळाला! निष्काळजीपणा म्हणे. चादरींच्या खोलीत बसून रडतेय ती. तेव्हा बरे साहेब सहीला हजर होते."

मेट्रनबाईंनी खिशातून बाटल्यांवर नावं घालायचं जाड मार्कर काढलं, टोपण दातांनी ओढलं आणि त्याच्या पडद्यावर, सहाव्या ओळीवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत करकरत रेघ ओढली.

"घे. ही काढ. सांग तुझ्या लायब्ररीला."

त्याने बाही घासून पाहिली. ढिम्म निघेना. मग सवयीने त्याचा हात माउसवर गेला आणि पान वर सरकू लागलं. रेघ जागच्या जागी. तिच्याखालून औषधं एकामागून एक जात राहिली. झोपेची गोळी, साखरेचं इंजेक्शन, मग दहा नंबरची यादी, मग अकराची. प्रत्येक ओळ क्षणभर खोडली जायची आणि पुन्हा मोकळी व्हायची.

"यातलं बंद कुठलं आणि चालू कुठलं, सांग बरं," मेट्रनबाई म्हणाल्या.

तो बघत राहिला. पान खाली नेलं, वर आणलं. त्याला सांगता येईना.

खाली बसून त्याने कीबोर्ड पुढे ओढला. दोन-तीन ओळी टाइप केल्या, एकदा दाराकडे पाहिलं आणि बटण दाबलं. पडदा पांढरा झाला. त्यावर ती रेघ तेवढी राहिली.

मिनिटभरातच टेबलावरचा फोन खणाणला. तो हात पुढे करायच्या आत मेट्रनबाईंनी उचलला. पलीकडे तिसऱ्या मजल्यावरची सिस्टर होती, घाईत, वैतागलेली. पान दिसत नाहीये म्हणत होती.

"दिसायचं नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. "प्रत्येक गोळी डॉक्टरांना विचार. मग दे."