ओडवारचा हात

"हात सैल सोडा. ओढायचं नाही, ढकलायचं नाही," ट्रीने नावाची चौकशी अधिकारी म्हणाली. "यंत्रच तुमचा हात नेईल."

गुडवाइगने हँडल धरलं. कार्मॉय बेटाच्या किनाऱ्यावरच्या या खोलीत बसून तिचा नवरा ओडवार समुद्रतळावरचा यांत्रिक हात चालवायचा. तिथे पोलादी बोटांना दगड लागला की इथे त्याच्या तळव्याला कळायचं. चालकाचा प्रत्येक दाब यंत्र जपून ठेवी. तो हँडलमधून पुन्हा तसाच उमटवता येई. नवे चालक त्यावर हात ठेवूनच शिकत.

गेल्या वर्षी त्या पोलादी बोटांत एका पाणबुड्याची हवेची नळी चेंगरली. पाणबुड्या गेला. पाळी ओडवारची होती. "चूक माझी," एवढंच तो बोलला, आणि हिवाळ्यात हृदय बंद पडून तोही गेला.

"नळी हाताला लागूनही ओडवारने दाबलं म्हणता?" गुडवाइग म्हणाली. "अहो, त्याला बटाटे सोलायला दिले तर जेवण गार व्हायचं. इतका हळू हात."

"म्हणून तर बोलावलं. तो हात त्याचा नाही म्हणालात, तर मी चौकशी पुन्हा उघडेन. नाहीतर आज त्याच्या नावावर मिटवेन."

"आई, घरी चल ना," सिंड्रे म्हणाला. तिचा मुलगाही इथेच चालक होता. त्या दिवशी वडिलांच्या शेजारीच बसला होता. "गेलेल्या माणसाचा हात कशाला धरायचा? आणि यांची कॉफी म्हणजे इंजिनाचं तेल."

"तू नको पिऊस. जन्मभर धरलाय तो हात मी. अंधारातही ओळखेन."

ट्रीनेने कळ दाबली.

हँडल हललं. तळव्याखाली कुणाचातरी हात होता, जिवंत माणसाचा असावा तसा. तो चाचपडत पुढे गेला. काहीतरी मऊ लागलं. हात थबकला, किंचित मागे सरला, आणि भीती लपवायला दाबावं तसा एकदम जोरात दाबला.

मग सगळं शांत झालं.

स्वयंपाकघरात कॉडचं पोट चिरायला शिकवताना हाच हात तिने आपल्या मुठीत धरला होता. सुरी माशाला टेकली की तो असाच मागे सरायचा आणि मग असाच दाबायचा. तेव्हा तो इवलासा होता.

सिंड्रे खिडकीबाहेर बघत होता.

"काय वाटतं?" ट्रीनेने विचारलं.

"ओडवारचाच आहे," गुडवाइग म्हणाली.