भली बुरशी

“मॅडम, दोन्ही बागांचा माल एकत्र दाबायचा की वरच्या बागेचा तेवढाच? सकाळी सहाला प्रेस सुरू होईल. त्याआधी तुमचं नाक काय म्हणतं ते कळवा,” मालक शिवप्रसाद म्हणाले आणि दोन टोपल्या अनुषापुढं ठेवून गेले.

अनुषानं एका टोपलीवर नाक धरलं, मग दुसरीवर. काही नाही. तीन महिन्यांपूर्वीच्या तापात तिला वास येणं जे बंद झालं ते झालंच. येलवालजवळच्या त्या वायनरीत हे फक्त तिलाच ठाऊक होतं.

तोडणीचे दिवस उलटले तरी द्राक्षं मुद्दाम वेलीवर ठेवली होती. सकाळच्या धुक्यात त्यांवर राखाडी बुरशी धरते, दुपारच्या उन्हात मणी सुकून सुरकुततात, आणि त्यांची वाइन मधासारखी गोड होते. पण बुरशी भली असली तर! बुरी असली तर माल नुसता आंबतो आणि पिंपभर रसाचं वाटोळं करतो. सुरुवातीला दिसायला दोन्ही सारख्याच, मेल्या. जिभेलाही दोन्ही गोडच. बिघाड आधी कळतो तो नाकाला.

मग तीन महिने हिनं निभावलं कसं? सासूच्या जिवावर. सोयराबाई शिंप्याच्या घरातल्या, पक्क्या माळकरी. सून दारू गाळणाऱ्यांकडे कामाला जाते हे त्यांना मुळीच रुचलं नव्हतं. अनुषानं उंबऱ्यात पाऊल टाकलं की शिलाई मशीनवरून तोंडाचा पट्टा सुरू. “अय्यो, सुंठ नि मध सांडून घेतलंस काय अंगावर?” “छी, आज ओल्या पोत्याचा वास मारतोय गे!” अनुषा मान खाली घालून ऐकायची आणि न्हाणीत जाऊन फोनवर टिपून घ्यायची. सकाळी तेच मालकांना सांगायची. मालक खूश. नवरा पुनीत मेटगळ्ळीच्या कारखान्यातली नोकरी सुटून घरी बसलेला. सगळं घर तिच्या नाकावर चाललं होतं, आणि ते नाक होतं सासूचं.

आज मात्र वास दोन होते. तिनं खालच्या बागेचे मणी एका रुमालात चुरडले, वरच्या बागेचे दुसऱ्या. आधी एक घेऊन आत जायचं, बोलणी खायची. मग काहीतरी विसरलं म्हणून बाहेर यायचं आणि दुसरा घेऊन पुन्हा बोलणी खायची. बसमध्ये हे नाटक मनात घोळवता घोळवताच तिला रडू फुटलं. किती दिवस चालायचं हे? या लबाडीनं तिच्या नाकी नऊ आले होते. उद्या चुकलं तर सबंध वर्षाची वाइन मातीत आणि नोकरीही गेली.

दाराशी आली तेव्हा डाव्या मुठीत खालची बाग होती, उजव्या मुठीत वरची. एक रुमाल लपवायचंही त्राण उरलं नव्हतं. ती तशीच उभी राहिली.

सोयराबाई आज ओरडल्या नाहीत. मशीन थांबवून उठल्या, जवळ आल्या. देवाला वाहायचं फूल हुंगलं की उष्टं झालं म्हणणारी ती बाई. तिनं सुनेची डावी मूठ धरून नाकाशी नेली, डोळे मिटून खोल श्वास घेतला. मग उजवी.

“डावा नासलाय. उजवा चांगला आहे,” त्या म्हणाल्या.

अनुषानं चमकून सासूकडं पाहिलं. “अत्ते, तुम्हाला...”

“तुझ्यासमोर दूध करपलं त्या दिवशीच कळलं मला. तू आपली सुम्मने, काही झालंच नाही अशी उभी!” सोयराबाईंनी दोन्ही रुमाल तिच्या हातातून काढून घेतले. “रोज एवढं ओरडून सांगते, नीट लिहून घेतेस ना गे?”